शिडीची खालची पायरी

मी बँकेत क्लार्क आहे. बावीस वर्षांपूर्वी बी.कॉम.चे सर्टिफिकेट घेऊन ज्या खुर्चीवर बसलो, तिच्यासारख्याच खुर्चीवर आजही बसतो. मला त्याची लाज वाटत नाही; ते खाते आमच्या सासरेबुवांनी आपल्या नावावर वळते करून घेतले आहे. पाहुण्यांसमोर ते "आमचे जावई बँकेत असतात" एवढेच सांगतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत पोह्यांची बशी पुढे सरकवतात.

प्रमोशनची परीक्षा मला तीनदा देता आली असती. तिन्ही वेळा मी अर्ज भरला नाही. कारण साधे आहे. अधिकारी झाले की पगार वाढतो आणि बदली होते. पगार किती वाढणार हे आधी कळते, बदली कुठे होणार हे मागाहून कळते. धाराशिवात माझे घर आहे, आई आहे आणि अंगणात शेवग्याचे झाड आहे. यातले शेवग्याचे झाड बदलीच्या गावी नेता येत नाही आणि झाड सोडून आई येत नाही. तेव्हा आहे तिथेच बरा आहे.

हे घरगुती पुराण लावण्याचे कारण एवढेच, की 'वरचा' आणि 'खालचा' या विषयावर मी थोडेफार अधिकाराने बोलू शकतो. अधिकारी नसलो तरी.

नोव्हेंबर महिना आला की आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांची जत्रा भरते. माणूस समोर उभा असतो, खोकत असतो, आपल्याला नावाने हाक मारून पंखा मोठा करायला सांगत असतो; तरी तो जिवंत असल्याचे त्याच्याकडून लिहून घ्यावे लागते. अशाच एका नोव्हेंबरात बाकावरच्या पेन्शनर मंडळींत वाद पेटला. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "छत्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत काढली मी. झेडपीतून मुंबईला गेलेले पुष्कळ पाहिले. आमदारकी भोगून परत झेडपीला उभा राहिलेला एक तरी दाखवा!"

बाकावर शांतता पसरली. जो तो आपापल्या तालुक्यातले माजी आमदार मनातल्या मनात मोजू लागला. शेवटी कोपऱ्यातून एक आवाज आला, "उभे करतात की! बायकोला करतात, सुनेला करतात, पुतण्याला करतात."

"स्वतः?"

"स्वतः कशाला? स्वतः प्रचार करतात."

हशा झाला, दाखले संपले, मंडळी चहाला गेली. पण गुरुजींचा प्रश्न माझ्या काउंटरवर तसाच राहिला, विसरलेल्या छत्रीसारखा.

बँकेच्या बाजूने पाहिले तर उत्तर अवघड नाही. आमदारकी ही मुदत ठेव आहे. एकदा ठेवली की माजी झाल्यावरही पेन्शन चालू राहते. जिल्हा परिषदेचे सदस्यत्व हे चालू खाते आहे. रोज उलाढाल, रोज गर्दी, रोज कुणाची तरी सही हवी. आणि वर्षअखेरीला व्याज शून्य. माजी झाला की पेन्शन नाही. शहाणा माणूस मुदत ठेव मोडून चालू खाते कशाला उघडील?

तसे राजकारणात खाली उतरणे अगदीच वर्ज्य नाही. शंकरराव चव्हाण १९७५ ते १९७७ मुख्यमंत्री होते आणि १९७८ मध्ये शरद पवारांच्या मंत्रिमंडळात साधे मंत्री झाले. नारायण राणे १९९९ मध्ये मुख्यमंत्री होते आणि २००५ मध्ये दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्रिपद भोगून २०२२ मध्ये उपमुख्यमंत्री झाले आणि २०२४ मध्ये परत मुख्यमंत्री. म्हणजे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून एखाददुसरा मजला उतरायला कुणाची ना नाही, लिफ्ट आहे. पण मंत्रालयाच्या दारातून बाहेर पडायचे, रात्रीची एस.टी. पकडायची आणि सकाळी तोंड धुऊन आपल्या जिल्हा परिषदेच्या पायऱ्या चढायच्या, हे काही होत नाही.

आता या पायऱ्या बांधल्या कोणी, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर वाचक म्हणायचे, कॉमर्सचा माणूस इतिहासात शिरला आणि तारीख टाकायची विसरला.

आमच्या जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य आहे. इथे आमदारांच्या आधी विधानसभेचीच बदली झाली. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत इथला आमदार निवडून आला की जायचा हैदराबादला, कारण आपण हैदराबाद राज्यात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि निजामशाहीच्या मुलखातला माणूस मुंबईच्या गाडीत बसू लागला. पैशाचेही तेच झाले होते. निजामाचे हाली सिक्के जाऊन हिंदुस्थान सरकारचे कलदार रुपये आले, आणि भाव ठरला सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारला एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै हाली! तो हिशेब त्या काळच्या क्लार्कांनी यंत्राशिवाय केला. मी त्यांना रोज मनोमन नमस्कार करतो आणि कॅल्क्युलेटर चालू करतो.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. त्यांनी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समित्या नेमण्याची आपल्याकडे पद्धतच आहे, पण या समितीने चमत्कार केला: १९६१ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ ला मुंबई सोडून राज्यभर जिल्हा परिषदा सुरूही झाल्या. हल्ली एवढ्या वेळात आमच्याकडे खिडकीची काच बसत नाही.

नाईक समितीने आणखी एक गंमत केली. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत जागा ठेवली नाही. दुसऱ्या काही राज्यांत ते आपोआप आत येऊन बसत. इथे त्यांना सांगितले, तुम्ही तुमचे वर बघा, जिल्ह्याचे जिल्हा बघेल. शाळा, दवाखाने, गावरस्ते, जनावरांचे डॉक्टर, सगळा संसार जिल्हा परिषदेकडे. म्हणूनच लोक तिला 'मिनी मंत्रालय' म्हणू लागले. माझ्या एका दूरच्या नातेवाइकाला, जिल्हा कोणता ते विचारू नका, राज्याचा मुख्यमंत्री कोण हे कधी धड सांगता आले नाही. पण शिक्षण सभापतींच्या मेहुण्याचे गाव, जात, व्यवसाय आणि जेवणाची आवड तोंडपाठ होती. ते प्राथमिक शिक्षक होते. बदल्या कुठून निघतात हे त्यांना ठाऊक होते.

याच खालच्या पायरीवर, आमच्या उस्मानाबाद जिल्हा परिषदेत, सत्तरच्या दशकात एक तरुण वकील येऊन बसला. बाभळगावचा. पुण्याला शिकून, बी.एस्सी., बी.ए. आणि वर कायदा असे तीन-तीन मजले चढून तो गावी परतला आणि १९७४ मध्ये सरपंच झाला. एवढे शिकलेल्या माणसाने ग्रामपंचायतीपासून सुरुवात करावी, हे तेव्हाही लोकांना चमत्कारिक वाटले असणार. मग लातूर तालुका पंचायत समितीचा उपसभापती, मग उस्मानाबाद जिल्हा परिषदेचा सदस्य. लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. १९८० मध्ये हा सदस्य लातूरहून आमदार झाला, १९८२ पासून राज्यमंत्री, पुढे कॅबिनेट मंत्री. नाव विलासराव देशमुख.

इथे आमच्या शाखेत दरवेळी भांडण होते. माझ्या शेजारच्या काउंटरवरचे सहकारी लातूरचे आहेत. ते म्हणतात, "विलासराव आमचे."

मी म्हणतो, "पण झेडपीचं रजिस्टर आमचं!"

"मग १६ ऑगस्ट १९८२ ला जिल्हा फोडला, तेव्हा वाटणीत लिहून घ्यायचं होतं."

खरेच आहे. भावकीच्या वाटणीत होते तसेच झाले. आधी १९५६ मध्ये बीदरकडून उदगीर, निलंगा, अहमदपूर आले तेव्हा आमचा जिल्हा कसा मोठ्या वाड्यासारखा झाला होता. मग लातूर वेगळे निघाले ते पेठ, डाळीच्या गिरण्या आणि होणारे मुख्यमंत्री घेऊन निघाले. निलंग्याचे शिवाजीराव पाटील १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेही तिकडच्या हिश्शातले. आमच्याकडे तुळजाभवानी राहिली. आई धाकट्याकडे राहते, त्यातलाच प्रकार. आम्ही तक्रार करत नाही. फक्त रजिस्टर दाखवतो.

तर विलासराव. १९९५ च्या निवडणुकीत लातूरला शिवाजीराव पाटील कव्हेकरांनी त्यांना पाडले. फरक ३५ हजारांच्या आसपास. पंधरा वर्षे आमदार, तेरा वर्षे मंत्री, आणि एका दुपारी सगळे संपले. मतमोजणीच्या दुपारीच गाड्या कमी होतात म्हणतात. लाल दिवा जातो तो संध्याकाळी. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ते विधान परिषदेला उभे राहिले आणि पडले. किती मतांनी? अर्ध्या.

अर्धे मत ही काय भानगड आहे, असे मला माझ्या बायकोने विचारले होते. "अर्धा आमदार आला होता का मत द्यायला?" असा तिचा शब्दशः प्रश्न. तिला समजावून सांगितले तेच इथे सांगतो. परिषदेच्या या निवडणुकीत आमदार मत देतात, पण शिक्का मारून नव्हे. पसंतीचे क्रमांक लिहून. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी. निवडून यायला जेवढी मते लागतात त्यापेक्षा जास्त कुणाला पडली, तर वरची शिल्लक त्याच्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे वळते होते. शिल्लक थोडी, वाटेकरी जास्त. मग अपूर्णांक येतात. म्हणून मोजताना एका मताची किंमत शंभर धरतात, रुपयाचे शंभर पैसे असतात तशी. थोडक्यात, विलासरावांना आठ आणे कमी पडले.

आमच्या शाखेत मी लागलो तेव्हा एक जुने हेडकॅशियर होते. त्यांच्या तरुणपणी एकदा दिवसाच्या जमाखर्चात पन्नास पैशांचा फरक निघाला. सगळा स्टाफ रात्री साडेआठपर्यंत थांबला. एकाने वैतागून खिशातून आठ आणे काढून टेबलावर ठेवले, "घ्या, मिटवा आणि सोडा." हेडकॅशियरांनी ते परत केले. म्हणाले, "पैसे कमी नाहीत, हिशेब कमी आहे." शेवटी फरक सापडला, कुणीतरी दीडच्या जागी दोन लिहिले होते. विलासरावांच्या बाबतीत तेही नव्हते. हिशेब बरोबर होता, फक्त आठ आणे नव्हते. आणि अर्धे मत खिशातून काढून देणारा, आयुष्यभर हजारो लोकांची कामे केलेल्या त्या माणसाला, त्या दिवशी एकही मिळाला नाही.

इथे मला गुरुजींचा प्रश्न फार छळतो. कारण १९९७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुका होत्या. विधानसभा गेलेली, परिषद आठ आण्यांनी हुकलेली, वय बावन्नच्या आत-बाहेर. उभे राहिले असते तर? लातूर जिल्हा परिषदेचे अध्यक्ष व्हायला त्यांना कोण अडवणार होते? पण ते उभे राहिले नाहीत, आणि राहावे असे कुणी सुचवलेही नसेल. माझ्यासारख्या प्रमोशन न घेतलेल्या माणसाला हे बोलणे सोपे आहे. मी वर गेलोच नाही, त्यामुळे मला खाली येणे म्हणजे काय हे ठाऊक नाही. पहिल्या पायरीवर उभा असलेला माणूस आणि विसाव्या पायरीवरून घसरून पहिल्या पायरीवर आलेला माणूस उंचीने सारखेच असतात, पण दोघांकडे बघणारे डोळे वेगळे असतात.

त्यांनी वाट पाहिली. १९९९ मध्ये त्याच लातूरने त्यांना ९० हजारांहून अधिक मतांच्या फरकाने निवडून दिले आणि १८ ऑक्टोबरला ते मुख्यमंत्री झाले. माझे मत विचाराल तर या माणसाला वाट पाहणे जमले, ते बाभळगावात आणि झेडपीत शिकल्यामुळे. विधानसभेत भाषण करून वेळ निभते. गटातल्या माणसाला भाषण चालत नाही. तो सकाळी सातला ओट्यावर येऊन बसतो, चहा पितो, आणि काम सांगायला नऊ वाजवतो. त्याच्यासमोर दोन तास हसतमुख बसता आले की पुढे चार वर्षे काढणे कठीण नसावे.

शेवटचा योगायोग तर असा की मुख्यमंत्रिपद दोनदा भूषवून ते दिल्लीला गेले आणि जानेवारी २०११ मध्ये केंद्रात त्यांच्याकडे खाते आले ग्रामविकास आणि पंचायती राजचे. लातूर पंचायत समितीचा उपसभापती देशभरच्या पंचायत समित्यांचा मंत्री झाला. सहाच महिने टिकले ते खाते. दुसऱ्या वर्षी, १४ ऑगस्ट २०१२ ला, ते गेले.

गुरुजींना उत्तर म्हणून मी हे सगळे पाठ करून ठेवले होते. पुढच्या नोव्हेंबरात सांगितलेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे वर गेलेले झाले. आता वर जायला खालची पायरी तरी राहिली का?"

गुरुजी गणित शिकवायचे, ते उगाच बोलत नाहीत. जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९६२, १९६७, १९७२, १९७९ अशा झाल्या. आणि त्यानंतरची झाली थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षे! सांगलीचे आर. आर. पाटील १९७९ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले ते १९९० मध्ये आमदार होईपर्यंत सदस्यच होते. त्यांचे भले झाले. पुढे ते ग्रामविकासमंत्री, गृहमंत्री, उपमुख्यमंत्री झाले. पण जो पोरगा १९७९ मध्ये पंचविशीत होता आणि म्हणाला की पुढच्या खेपेला उभा राहीन, तो पुढची खेप येईपर्यंत अडतीसचा झाला. पोट सुटले, पोरे शाळेत गेली, सासरेबुवा दुकानावर बसवून मोकळे झाले. किती विलासराव त्या तेरा वर्षांत किराणा दुकानात बसले, कोण मोजणार?

मग १९९३ मध्ये राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक झालीच पाहिजे, असे ठरले. १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७. कसे वेळेवर हप्ते भरल्यासारखे. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपली तेव्हा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि गटरचनेचा वाद न्यायालयात होता. निवडणूक लागली नाही. प्रशासक आले. आता प्रशासक म्हणजे वाईट असे मी म्हणणार नाही; मीही एका अर्थाने प्रशासनच आहे. पण सकाळी सातला त्यांच्या ओट्यावर जाऊन बसता येत नाही.

मला हे सगळे कळले ते वर्तमानपत्रातून नव्हे, खातेवहीतून. जानेवारी २०२२ मध्ये आमच्या शाखेत एक तरुण आला होता. तिशीतला, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने. ग्रामपंचायतीत एक टर्म झालेली. म्हणाला, "साहेब, झेडपी लागायलीय. खर्चाचं वेगळं खातं काढून ठेवतो. हिशेब सोवळा पाहिजे." मला त्याचा फार अभिमान वाटला. निवडणुकीच्या आधी हिशेबाचा विचार करणारा उमेदवार काउंटरवर वारंवार येत नाही. हजार रुपये भरून त्याने खाते उघडले.

त्यानंतर त्या खात्यात काहीच झाले नाही. व्याज आम्ही जमा करत होतो, पण ते धरत नाहीत. खातेदाराने स्वतः काही केले तरच तो व्यवहार. दोन वर्षे खातेदाराने हात लावला नाही की नियमाप्रमाणे खाते निष्क्रिय होते. तसे ते झाले. संगणकाच्या पडद्यावर त्या नावापुढे तसा शेरा आला तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. माणूस बाहेर चांगला हिंडत होता, लग्नांना जात होता, मयतींना जात होता, कुणाला दवाखान्यात नेत होता. बाजारात दिसला की रामराम घालायचा. फक्त आमच्या पडद्यावर निष्क्रिय होता.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्या, असे राज्याला सांगितले. दुसऱ्याच आठवड्यात गडी हजर. शर्ट तोच, पेन एकच. कानावर दोन-चार पांढरे केस.

"साहेब, खातं बंद पडलं म्हणे."

"बंद नाही, निष्क्रिय आहे. चालू होतं. आधार, पॅन, फोटो आणा. इथे अर्ज भरा. इथे कारण लिहा, इतके दिवस व्यवहार का नाही केला त्याचं."

त्याने पेन हातात घेतले आणि बराच वेळ त्या रेघेकडे पाहिले. "काय लिहू, साहेब?"

"जे आहे ते लिहा."

त्याने लिहिले, 'निवडणूक झाली नाही.' शाखाधिकाऱ्यांनी वाचले, माझ्याकडे पाहिले आणि सही केली. शंभर रुपये भरून खाते जिवंत झाले. पावती घेताना तो म्हणाला, "साहेब, समजा माझा गट राखीव निघाला, तर?"

"तर काय, खातं राहील तुमचं. फक्त वर्षातून एकदा तरी शंभर रुपये टाकत जा, म्हणजे पुन्हा बंद पडणार नाही."

त्याने मान हलवली. पावती घडी करून खिशात ठेवली. दाराशी गेला, थबकला आणि परत माझ्या काउंटरवर येऊन हळूच म्हणाला, "साहेब, मंडळीच्या नावानं बी एक उघडून ठेवू का?"